पाय गरम आहेत का?

25 जानेवारीला दुपारी गाडी अंगणात थांबली, तेव्हा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. हातात ओवाळणीचं ताट नव्हतं. आदल्या रात्री फोनवर मीच सांगितलं होतं, आई, धूर नको, उदबत्ती नको, माणसं नकोत. त्यांनी नुसतं ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. आमच्या घरात दोन पिढ्यांनी मुलगी आली होती. एरवी त्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा उरली नसती. पेढे वाटले गेले असते, भावकीतल्या बायकांनी तिला एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर फिरवलं असतं. त्या दिवशी अंगणात कुत्रं तेवढं होतं, आणि तेही बांधलेलं.

आईंनी तीन हात लांबूनच तुकडा ओवाळला. माझ्या डोळ्यांना पाण्याचं बोट लावायला हात पुढे केला, मध्येच थांबवला आणि तांब्यातलं पाणी पायरीवर ओतलं. मग त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, मला आत जायला वाट देऊन. बाळाकडे बघायला त्या पुढे झाल्या नाहीत. तसंही दिसण्यासारखं काही नव्हतं. टोपी, त्यावर दुपटं, त्यावर शाल, आणि त्या सगळ्याच्या तळाशी मुठीएवढा एक चेहरा.

वजन 1 किलो 760 ग्रॅम. वय 42 दिवस. आणि कॅलेंडरच्या हिशेबानं तिला जन्माला यायला अजून चार आठवडे बाकी होते.

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. माझी तारीख 22 फेब्रुवारीची होती आणि खुडाही साधारण त्याच सुमारास यायचा, म्हणून अण्णांनी, माझ्या सासऱ्यांनी, व्यापाऱ्याला आधीच बजावून ठेवलं होतं की यंदा माल वेळेवर उचला, आमच्या घरी काम आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर 22 तारखेला आईंनी कुंकवाचं बोट उमटवलं होतं. डोहाळजेवण 18 डिसेंबरला ठरलं होतं, हिरवी साडी आणून झाली होती. 12 डिसेंबरला सकाळी माझे पाय चपलेत जाईनात. तोंड सुजलेलं, डोकं ठणकत होतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशर घेतलं, पुन्हा घेतलं, आणि लगेच नाशिकला न्यायला सांगितलं. 170 वर 110.

नाशिकला पोचल्यावर त्यांनी मला एक इंजेक्शन दिलं आणि चोवीस तासांनी दुसरं. बाळाच्या फुप्फुसांसाठी आहे, एवढंच तेव्हा कळलं. पुढे त्या बेचाळीस दिवसांत मी डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलं. फुप्फुसातल्या बारीक पोकळ्या श्वास सोडल्यावर मिटून एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांना आतून एक निसरडा थर लागतो. दिवस भरत आले की तो आपोआप पुरेसा तयार होतो. तिसाव्या आठवड्यात तो बहुधा अपुराच असतो. आईला दिलेलं ते इंजेक्शन त्या कामाला घाई करायला लावतं. न्यूझीलंडच्या ग्रॅहम लिगिन्स या डॉक्टरांनी हे आधी मेंढ्यांवरच्या प्रयोगांत पाहिलं. दिवस न भरलेलं कोकरू, ज्यानं श्वास घ्यायलाच नको होता, ते श्वास घेत होतं. मग त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी बायांवर अभ्यास करून 1972 साली तो जगापुढे मांडला. मी शेतकऱ्याच्या घरातली. एका कोकराच्या श्वासामुळे माझ्या मुलीच्या छातीला दोन दिवसांचा अवधी मिळाला, हे मला आजही देवासमोर हात जोडताना आठवतं.

14 डिसेंबरला सिझेरियन झालं. 1 किलो 180 ग्रॅम.

पुढचे बेचाळीस दिवस मी थोडक्यातच सांगते, कारण ते आठवले की अजून हात गार पडतात. आमच्याकडे अशा बाळाला ‘काचेत ठेवलंय’ म्हणतात. नाकात नळ्या, तोंडातून पोटात गेलेली दुधाची नळी, छातीवर चिकटवलेल्या वायरी, आणि पायाला लावलेला लाल दिवा, जो तिच्या अख्ख्या पावलातून आरपार दिसायचा. पहिलं दूध 1 मिली. तेही मी सिरिंजमध्ये थेंब थेंब गोळा करून दिलेलं, पिवळं, चिकट. वजन आधी उतरून 1,070 वर गेलं. पेटीवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे माझं नाव. पाचव्या दिवशी मला घरी सोडलं, तिला नाही. पोटाला टाके आणि ओंजळ रिकामी. नाशिकला मामेबहिणीकडे राहून मी दिवसातून चारदा जायचे. संक्रांत तिथेच झाली. एका सिस्टरनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, पुढच्या संक्रांतीला हिला बोरन्हाण घालायचंय, लक्षात ठेवा. त्या बाईला कल्पना नसेल की त्या एका वाक्यावर मी किती दिवस काढले.

अण्णा रोज रात्री आठला फोन करायचे. ‘आज किती?’ एवढंच विचारायचे. मी आकडा सांगायचे, ते ‘बरं’ म्हणून ठेवायचे. पुढे घरी आल्यावर समजलं की ते आकडे ते फवारणीच्या वहीत लिहीत होते. माल परदेशी जाणार असला की द्राक्षवाल्याला अशी वही ठेवावीच लागते. तारीख, औषध, प्रमाण, हवामान. त्या रकान्यांच्या उजवीकडे, समासात, बारीक अक्षरात, 1180, 1120, 1070, 1070, 1085...

त्या दिवसांत भेटायला येणाऱ्या बायका हमखास एक धीर द्यायच्या, सातमाशी आहे ना, मग जगतंय, आठमाशी जगत नाही. त्यांचा हेतू चांगला होता, मी कुणालाच उलटून बोलले नाही. पण हे खरं नाही, आणि ज्यांच्या घरात आज असं बाळ आहे त्यांनी तरी ते मनातून काढावं. पोटातला एकेक आठवडा बाळाच्या कामाचा असतो. आठव्या महिन्यातल्या बाळाची परिस्थिती सातव्यातल्यापेक्षा चांगलीच असते. आठमाशी बाळ झालेली एक मुलगी आमच्या शेजारच्या पलंगावर होती. या म्हणीमुळे तिच्या सासरच्यांनी आधीच आशा सोडली होती. तिचं बाळ आमच्या बाळाच्या कितीतरी आधी घरी गेलं.

घरी सोडायच्या आधी डॉक्टरांनी तीन गोष्टी पाहिल्या. सलग काही दिवस वजन वाढतंय का, दूध तोंडानं घेते का, आणि पेटीबाहेर, साध्या कपड्यांत, तिचं अंग स्वतःचं स्वतः गरम राहतं का. श्वास मध्येच थांबण्याचा प्रकार बंद होऊन आठवडा उलटला होता. सिस्टरनं मला ताप बघायच्या काचेच्या नळीपेक्षा महत्त्वाची एक गोष्ट शिकवली. आपल्या हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावायची, मग तळपायाला. दोन्ही गरम, तर ठीक. पोट गरम आणि पाय गार, तर बाळाला थंडी वाजतेय, लगेच छातीशी घ्यायचं. दोन्ही गार, तर वेळ घालवायचा नाही. एवढ्याशा अंगावर चरबी नसते, त्याला कुडकुडताही येत नाही. अंग गरम ठेवण्यातच सगळं दूध जळून जातं आणि वजन थांबतं.

निफाडची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा दर हिवाळ्यात पेपरात छापून येतो. आणि आम्ही जानेवारीत घरी आलो होतो.

मागची खोली तिच्यासाठी तयार केली होती. हीटर, भिंतीला अण्णांनी बागेतला थर्मामीटर आणून लावलेला, दारात बादली, साबण आणि खुंटीला धुतलेला टॉवेल. खोलीत मी, माझा नवरा आणि आई, चौथं कुणी नाही. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही कारण आवाज नव्हता. सहा आठवडे माझ्या कानांनी मशीनचा टिकटिकाट हेच तिच्या जिवंत असण्याचं चिन्ह मानलं होतं. मी दिवा चालू ठेवून तिच्या पोटाचं वरखाली होणं मोजत बसले. अशी बाळं श्वास घेताना मध्ये पाच-दहा सेकंद थांबतात आणि पुन्हा भराभरा घेतात, ते चालतं, वीस सेकंदांच्या वर जाता कामा नये, हे मला पाठ होतं. पाठ असून काय होतं! प्रत्येक वेळी ती थांबली की मीही थांबायचे.

आईंबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण त्या महिन्यात सगळ्यात जास्त त्यांनी सोसलं आणि ते कुणाला दिसलं नाही.

आमच्या गावात नवं बाळ झालं की न्हाऊ घालायला आईंना बोलावणं येतं. पायांवर बाळ आडवं घेऊन तेल जिरवायची त्यांची एक लय आहे. गुटगुटीत पोरं त्यांच्या पायांवर रडता रडता झोपतात. गेल्या तीस वर्षांत गावातली किती मुलं त्यांच्या हाताखालून गेली असतील, याची मोजदाद नाही. आणि त्यांच्या स्वतःच्या नातीच्या बाबतीत मी दवाखान्याचा कागद वाचून दाखवत होते. अंघोळ नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. रगडून मालिश नाही. घुटी नाही, मध नाही, काजळ नाही. शेगडी नाही, ओव्याची धुरी नाही. त्या पलंगाच्या पायथ्याशी बसून ऐकत होत्या, मांडीवर हात ठेवून. तेच हात. कागद संपल्यावर म्हणाल्या, ‘मग आम्ही काय करायचं?’ त्यात राग नव्हता. त्या खरोखरच विचारत होत्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फडताळातून एक पुरचुंडी घेऊन आल्या. आत चांदीचं बोंडलं होतं, काळं पडलेलं. माझ्या नवऱ्यानं त्यातूनच दूध प्यायलेलं. ‘हे चालत नसंल ना?’ आधीच नाही ऐकायच्या तयारीनं त्यांनी विचारलं. मी कागद पुन्हा पाहिला. बाटली अजिबात नको असं लिहिलं होतं. दूध वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं, उकळून घेतलेल्या. मी ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी बोंडलं राखेनं घासलं, साबणानं धुतलं, वीस मिनिटं उकळत ठेवलं, आणि गॅससमोरून हलल्या नाहीत.

दर दोन तासांनी 25 मिली. बोंडल्याची चोच ओठाच्या कोपऱ्यात टेकवायची, ओतायचं नाही, टेकवून थांबायचं. ती आधी जिभेचं टोक बाहेर काढायची, मांजराच्या पिल्लासारखं, मग एक घोट, मग दम खायची, भुवया वर करून. पुढचा घोट ती मागेपर्यंत वाट बघायची. मला घाई व्हायची, हात थरथरायचा. आईंचा हात दगडासारखा स्थिर. त्या तिसऱ्या दिवसापासून रात्रीचे दोन घोटवार, त्यांचाच शब्द, आईंनी आपल्याकडे घेतले.

उरलेला वेळ कांगारू. दवाखान्यात सगळ्या आया असंच म्हणायच्या, ‘कांगारूला बसायचंय’. लंगोट, टोपी आणि मोजे एवढ्यावर बाळाला आपल्या उघड्या छातीवर उभं धरायचं, बेडकासारखे पाय दुमडून, मान एका बाजूला, आणि वरून कापड घट्ट बांधायचं. कोलंबियात बोगोटाच्या एका सरकारी प्रसूतिगृहात 1978 साली पेट्या पुरत नव्हत्या. एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागायची आणि त्यांना एकमेकांचे आजार लागायचे. तेव्हा एडगर रेय या डॉक्टरांनी ती बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. नाइलाजातून निघालेली ही वाट पुढे पेटी असलेल्या ठिकाणीही उपयोगी ठरली. भारतासह पाच देशांत झालेला एक मोठा अभ्यास 2021 साली छापून आला. जन्मल्यापासून लगेच छातीशी धरलेल्या कमी वजनाच्या बाळांत मृत्यूचं प्रमाण 25 टक्क्यांनी कमी होतं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी आईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘उराशी धरायला अभ्यास लागला व्हय?’ आणि लगेच, ‘पन बरं झालं, आता कुणी नको म्हननार न्हाई.’

30 जानेवारीची रात्र. तीनचं दूध झालं, तिला पांघरुणात ठेवलं आणि हीटरचा लाल दिवा विझला. गावाची लाईट गेली. माझा नवरा आणि अण्णा बागेत होते. अशा रात्री मण्यांना तडे जातात, म्हणून ओळींमधून शेकोट्या पेटवायच्या आणि ड्रिपनं पाणी सोडायचं असतं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. मोबाइलच्या उजेडात मी भिंतीवरचा थर्मामीटर बघत होते. 27. थोड्या वेळानं 25. दगडी भिंतीचं घर आमचं, एकदा गार पडायला लागलं की धरबंद राहत नाही. 22. मी पोटाला हात लावला, गरम. पायाला लावला.

पाय गार होता.

मी तिला छातीशी घेतलं खरं, पण माझेच हातपाय बर्फ झाले होते, दातावर दात आपटत होता. आधी भीतीनं, मग खरोखरच थंडीनं. टाक्यांची जागा ओढत होती. आई उठल्या. काही बोलल्या नाहीत. बादलीजवळ जाऊन हात धुतले, कोरडे केले, एकमेकांवर घासून ऊब आणली, चोळी सोडली आणि माझ्या पुढ्यात बसून म्हणाल्या, ‘आण इकडं.’ मी तिला त्यांच्या उरावर ठेवलं. त्यांनी लुगड्याचा पदर दोन फेरे घेऊन आवळला, वरून गोधडी घेतली, भिंतीला पाठ लावली आणि डोळे मिटले. त्यांच्या अंगाला चुलीची ऊब असते, हे मला लग्नाला पाच वर्षं होऊन त्या रात्री कळलं.

बाहेर खाकरल्याचा आवाज आला. अण्णा. गावात अंधार झालेला बागेतून दिसला म्हणून धावत आले होते. कपड्यांना शेकोटीचा धूर, हाताला बागेतलं औषध. ते खोलीत तर नाहीच, पडवीतसुद्धा चढले नाहीत. अंगणातूनच, खिडकीच्या बंद फळीपलीकडून त्यांनी विचारलं :

‘पाय गरम आहेत का?’

मी गोधडीत हात घातला. त्यांना उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला, कारण मी दोन्ही पाय तपासले. ‘झाले अण्णा. गरम झाले.’

‘बरं,’ म्हणाले, आणि पुन्हा बागेकडे गेले. त्या रात्री वरच्या चार ओळींतल्या मण्यांना तडे गेले. त्याचा उल्लेख त्यांनी आजपर्यंत माझ्यासमोर केलेला नाही.

आमच्या आशाताई आठवड्यातून एकदा यायच्या. दारातच हात धुवायच्या, कोपरापर्यंत, आणि झोळीच्या काट्याला तिला टांगायच्या. त्यांनीही पहिल्यांदा पाय पाहिले. आशा घरी येऊन बाळ तपासते, श्वास मोजते, ऊब बघते, हे आज इतकं सवयीचं झालंय की त्यामागे आपल्याच राज्यातलं गडचिरोली आहे हे लक्षात राहत नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या 39 गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी खाली आले. तो अभ्यास 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि पुढे 2011 पासून हीच पद्धत देशभर लागू झाली. जिथे पेटी नव्हती, डॉक्टर नव्हता, तिथे गावातलीच एक बाई पाय चाचपून बघत होती. आमच्या आशाताईंच्या झोळीकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेनं बघते.

डोळ्यांच्या तपासणीचं सांगायचं राहूनच गेलं असतं, म्हणून इथे लिहिते. इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या डोळ्यातल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात आणि कधी कधी त्या भलतीकडे वाढून दृष्टी जाऊ शकते. वरून डोळा अगदी चांगला दिसतो. पहिली तपासणी जन्मानंतर महिन्याच्या आत दवाखान्यातच झाली होती, पुढच्या दोन घरून नाशिकला जाऊन. त्या थंडीत तिला बाहेर काढायला घरातल्या कुणाचंच मन होत नव्हतं. तरी गेलो, गाडीत ती माझ्या छातीला बांधलेली. दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, कडेपर्यंत पोचल्यात, आता काळजी नाही. ती तारीख चुकवू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे. वेळेत सापडलं तर उपचार आहे.

22 फेब्रुवारीला थंडी ओसरली होती. कॅलेंडरवरचं कुंकू फिकं झालं होतं. बागेत सकाळपासून खुडा चालू होता, क्रेट भरून ओट्यावर येत होते. अण्णांनी गेल्या चार आठवड्यांत तिला दारातूनच पाहिलं होतं. फवारणीचे दिवस होते, त्यांनी स्वतःच स्वतःला ती बंदी घातली होती. त्या दिवशी दुपारी ते दुसऱ्यांदा अंघोळ करून आले. धुतलेलं धोतर, अंगात काही नाही. बादलीपाशी नखं घासून हात धुतले. खुर्चीत बसले आणि आईंकडे बघत म्हणाले, ‘कसं धरायचं ते सांग.’

आईंनी सांगितलं. पाय दुमड, मान इकडे, हात बुडाखाली. पांढरे केस असलेल्या त्या रुंद छातीवर ती पानासारखी चिकटली, दोनदा नाक घासलं आणि झोपली. अण्णा श्वास रोखून बसले होते. ‘श्वास घ्या तुमी,’ आई म्हणाल्या, ‘तिला तुमचा श्वास ऐकू यायला पायजे.’

दीड तास ते हलले नाहीत. ओट्यावरून व्यापाऱ्याच्या माणसानं दोनदा हाक मारली, कुणी ओ दिली नाही.

संध्याकाळी आशाताईंनी वजन घेतलं. रात्री मी पाणी प्यायला उठले तेव्हा पडवीत दिवा होता आणि अण्णांची वही उघडी पडली होती. 22 फेब्रुवारी. औषध : नाही. खुडा सुरू. आणि उजवीकडे समासात : 2460. पाय गरम.